बोललेलं ऐकू येईल असा साउंडबार

५ मार्च, मंगळवार

व्हिडिओवाल्या क्रिस्पिनने अखेर लग्नाचा व्हिडिओ आणून दिला. झुल्माच्या लग्नाला पुढच्या महिन्यात वर्ष होईल आणि हा माणूस आज उगवतो. म्हणे कापाकापी करायला सवड झाली नाही, आहे तसा सगळाच घ्या, चर्चच्या पायरीपासून हॉलमधल्या खुर्च्या उचलेपर्यंत. मी म्हटलं दे. माझ्या लेकीच्या लग्नातलं कापण्यासारखं काय होतं?

मी आणि माझा नवरा हिलारिओ बघायला बसलो आणि मला धक्काच बसला. टीव्ही भिंतभर, आवाज डब्यात अडकलेल्या माशीचा. एवढा बँड आणला होता, मोठे पितळी तुबा फुंकणाऱ्यांची रांग उभी होती, नाचताना बरगड्या हलत होत्या. इथे नुसतं चीं चीं. हिलारिओ म्हणाला, टीव्ही पातळ झाले, आवाजाला बसायला जागाच उरली नाही. आयुष्यभर मिनीबस चालवून त्याचं डोकं तसंच चालतं, कोण कुठे बसणार.

प्रिमितीवाच्या घरी मी कार्निव्हलला बघितलं होतं. टीव्हीखाली एक लांब काळी पट्टी, मागच्या कोपऱ्यांत दोन छोटे डबे, आणि बँड असा अंगावर आला की मी वळून मागे बघितलं. ही प्रिमितीवा आणि तिचा नवरा आन्सेल्मो म्हणजे झुल्माच्या लग्नाचे धर्मआईबाप. झुल्मा तिला मद्रिना म्हणते, मी कोमाद्रे. लग्नकार्याचा हॉल आहे त्यांचा स्वतःचा. मी मुद्दाम मोठी माणसं धरली. जोडप्याचं काही बिनसलं तर धर्मआईबापांनी समजवायचं, आईने मध्ये तोंड घालायचं नाही, अशी आमच्यात रीत. माझं तोंड कसं आहे ते गल्लीला ठाऊक आहे, म्हणून ते सांभाळायला माणसं वजनदार हवी होती.

ठरलं. तसाच साउंडबार घ्यायचा, सतरा तारखेच्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि लग्न दाखवायचं. पोरीला आणि जावयालाही बोलवायचं. लग्न झाल्यापासून ती माझ्या घरी एकदाही आलेली नाही. म्हणे सासरच्या, घाटाखालच्या कारानावीच्या उबेची सवय झाली, एल आल्तोची थंडी सोसत नाही. इथे जन्मली आणि थंडी सोसत नाही.

६ मार्च, बुधवार

संध्याकाळच्या वर्गातल्या बाई म्हणतात रोज दोन ओळी लिहा, अक्षर सुधारेल. दोन ओळींत माझं काही होत नाही.

झुल्माला फोन लावला. नेहमीसारखा रिंबेरनेच उचलला. जावई म्हणून गुणी आहे, सासूबाई सासूबाई करतो, मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, दारू बेताची. फोन मोठ्या आवाजावर लावून मध्ये ठेवतात दोघं, त्यामुळे झुल्मा विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येते. मी निमंत्रण दिलं. रिंबेर म्हणाला, दुकान सोडून येणं अवघड. वर म्हणाला, साउंडबारवर कशाला पैसे घालता सासूबाई, टीव्हीचा आवाज पुरतो की. काटकसरी आहे. मला ते आवडतं.

मी पोरीला विचारलं, कसला घेऊ गं? तर विहिरीतून उत्तर आलं, "आई, ज्यात बोललेलं ऐकू येतं तो घे."

मी म्हटलं, लग्नाच्या व्हिडिओत बोललेलं कोण ऐकतं, बँड ऐकतात. ती म्हणाली, "बँड सगळ्यातच वाजतो, आई." मग फोन तुटला. कारानावीत नेटवर्क कायम असंच.

पोरगी तुटक झाली आहे. सुखात पडली की मुलींना आई जड होते.

७ मार्च, गुरुवार

माझी मक्याची गरम आपी आणि तळलेल्या पुऱ्या लवकर संपल्या. गुरुवारच्या बाजारात गर्दीच तशी असते. टोपली मावशीच्या गाड्यावर टाकली आणि गेले सामानाच्या गल्लीत.

धक्क्यावर धक्के. पहिला, ती पट्टी एवढीशी. मी दुकानदाराला म्हटलं, बाकीचा कुठाय? तो म्हणाला, एवढाच असतो. किंमत ऐकून मी त्याच्याच स्टुलावर बसले. मग त्याने लावून दाखवला. कुठलंतरी युद्ध होतं पडद्यावर, आणि माझ्या डोक्यामागून हेलिकॉप्टर आलं. मी टोपी धरून खाली वाकले. चार माणसं हसली. मी टोपी झटकून परत नीट बसवली.

मग त्याची पोपटपंची. ह्याला आवाजाची पाच तोंडं, त्याला सात. हा आवाज वर फेकतो, छताला आपटून खाली येतो, पाऊस लागला तर डोक्यावर पडल्यासारखा. मी म्हटलं, माझं छत पत्र्याचं आहे, खरा पाऊस पडला की टीव्ही बंदच करावा लागतो, मला तुझा खोटा कशाला. तेव्हा कुठे कबूल झाला. सपाट छत असेल तरच ते चालतं, हे त्याने आधी सांगायला काय जात होतं.

घेतला. पट्टी, मागचे दोन डबे आणि एक दणकट पेटी, धमक्याची. त्या पेटीने दुकानाची काच थरथरत होती. झुल्माचं बोललेलंबिललेलं मी मनावर घेतलं नाही. लग्न म्हणजे तुबा.

८ मार्च, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

नवी वस्तू घरात आली की चाल्ला, म्हणजे तिची पूजा, करायचाच. मिनीबसचा केला, गॅसच्या शेगडीचा केला, टीव्हीचा केला. कागदी रिबिनी घातल्या, फुलांच्या पाकळ्या टाकल्या, आधी जमिनीवर पाचामामेच्या, धरणीमातेच्या वाट्याचे थेंब, मग वस्तूवर. आज साउंडबार चालू करून, मोरेनादाची नाचाची धून लावून केला, म्हणजे पाचामामेलाही कळावं काय आणलंय. हिलारिओने बिअरची बाटली हलवली आणि फेस उडवला. पट्टीवर बेताने उडाला. पेटीला पुढे भोक आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं. मी म्हटलं, ही मोठी आहे, हिला जास्त दे. त्याने दिला.

आधी म्हातारा खोकल्यासारखा आवाज आला. मग फट्. मग वास.

हिलारिओ बाटली हातात धरून उभा. म्हणाला, पाचामामेने सगळंच घेतलं वाटतं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या बासिलियाने भिंतीवरून विचारलं, कोण गेलं का तुमच्याकडे?

१० मार्च, रविवार

बासिलिया कॉफीचं पोतं आणायला कारानावीला जाऊन आली. झुल्मा दिसली म्हणाली, दुकानाच्या दारात. दुपारचं कडक ऊन, लोक बनियनवर, आणि आपली झुल्मा मी विणलेला लोकरीचा स्वेटर घालून, बाह्या थेट बोटांपर्यंत. बासिलियाने हाक मारली तर आत गेली.

स्वेटर घालते हे ऐकून बरं वाटलं. आत गेली ते बरं वाटलं नाही. शेजारणीशी एवढा तोरा कशाला.

१४ मार्च, गुरुवार

जळक्या पेटीसकट सगळा साउंडबार पाठीवर बांधून बाजारात. त्या पहिल्या दुकानदाराने तर बघूनच हात झटकले. वास घेतला आणि बाजारात गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाला, कासेरा, ही बिअर आहे. मी म्हटलं, मग काय दूध ओतू? तो म्हणाला, चाल्ला सगळेच करतात, पण खोक्यावर करतात. सगळी गल्ली हे ऐकून गोळा झाली. खोक्यावर. आता कळलं.

पलीकडे योव्हाना नावाची एक बाई बसते, माझ्याच वयाची, जुनं घेऊन नवं देते. तिने पट्टी तपासली, म्हणाली ही चांगली आहे, बदलून देईन. मग तिने जे विचारलं ते त्या पोपटाने विचारलंच नव्हतं. काय ऐकायचंय तुला, कासेरा?

मी तोंड उघडलं तुबा म्हणायला आणि तोंडातून निघालं, लोक काय बोलतात ते. एक तर मी थकले होते. दुसरं म्हणजे मनात आलं, माझ्या डुकराच्या रश्श्याला, फ्रिकासेला, लग्नाच्या दिवशी कोण कोण नावं ठेवत होतं ते तरी कळेल.

ती म्हणाली, मग मधलं तोंड वेगळं असलेला घे. बाजूच्या तोंडांतून वाजंत्री, मधल्यातून माणूस. आणि त्याला एक बटण आहे. दाबलं की वाजंत्री मागे जाते, माणसं पुढे येतात. तिने बातम्या लावून दाखवल्या. वाचणाऱ्या बाईने श्वास घेतला तोसुद्धा मला ऐकू आला. मी दचकले. एवढं ऐकू येणं बरं नाही म्हटलं. पण घेतला.

१५ मार्च, शुक्रवार

मागचे डबे बिनवायरचे म्हणून दिले आणि प्रत्येकाला प्लगची वायर निघाली. मला ही फसवणूक वाटली. हिलारिओ म्हणतो, बिनवायरचं म्हणजे पट्टीशी वायर नाही, भिंतीशी आहे. माझ्या घरात मागे भोकंच नाहीत विजेची. शेवटी स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शनची वायर ओढली. चाल्ला रिकाम्या खोक्याचा केला.

रिंबेरचा फोन. झुल्माला ताप आहे, दोघं येऊ शकत नाहीत. मी म्हटलं तिला दे, तर म्हणाला झोपली आहे. मला राग आला. आईने घर सजवावं आणि लेकीने झोपावं. फोन आपटला.

१७ मार्च, रविवार

आज अक्षर वाईट येईल. येऊ दे.

दुपारी सगळे आले. हिलारिओचे भाऊ, माझी मावशी, क्रिस्पिन, आन्सेल्मो आणि प्रिमितीवा. प्रिमितीवा चांगली शाल घेऊन, पुढच्या सोफ्यावर. जेवणं झाली. व्हिडिओ लावला. चर्च, तांदळासारखा उडणारा कागद, मिरवणूक. बँड मागून आला तेव्हा मावशीने छातीवर क्रॉसची खूण केली. सगळे खुश. मी त्याहून खुश.

मग हॉल आला. क्रिस्पिन म्हणाला, इथून पुढे तुम्ही वेगाने पळवा, मी कॅमेरा केकच्या टेबलाजवळ तिकाटण्यावर ठेवून जेवायला गेलो होतो. मी म्हटलं, पळवायचं कशाला, मी नाचतेय ना त्यात. आणि सगळ्यांना नवं बटण दाखवावं म्हणून दाबलं.

बँड भिंतीपलीकडे गेल्यासारखा झाला आणि माणसं पुढे आली. पहिल्यांदा मजाच आली. हिलारिओचा धाकटा भाऊ पडद्याबाहेरून म्हणत होता, डुकराचं मटण चिवट आहे. इथे सोफ्यावर त्याचे कान लाल. कुणीतरी माझ्या टोपीला काहीबाही म्हणालं. सगळे हसत होते.

मग झुल्माचा आवाज आला. विहिरीतून नाही. माझ्या समोर, टीव्हीच्या मधोमध, कानाशी तोंड आणून बोलावं तसा.

"मद्रिना, माझं ओळखपत्र तुमच्याकडे ठेवा. त्याने मागितलं तरी देऊ नका."

"आता कसलं ओळखपत्र. जा, नाच." हा प्रिमितीवाचा आवाज.

"फोन त्याने सकाळीच घेतला. म्हणाला, आजपासून आईशी बोलायचं तर माझ्यासमोर. मी नाही म्हटलं तर दंड पिरगाळला. हे बघा."

"झाक ते. कॅमेरा चालू आहे." मग जरा थांबून, "पहिलं वर्ष पुरुष असाच असतो. बसतो ताळ्यावर."

"आईला सांगू नका. बघा ना, किती खुशीत नाचतेय."

आणि पडद्यावर मी. घागरा फिरवत, बाटली उंच धरून, तोंड उघडं टाकून हसत. मागच्या दोन्ही डब्यांतून लोकांच्या टाळ्या वाजत होत्या, माझ्यासाठी.

मावशीने हातातला चमचा खाली ठेवला. प्रिमितीवाने रिमोटकडे हात नेला, म्हणाली, बँड लाव ना कोमाद्रे, बोलणं कशाला. मी रिमोट उचलला आणि माझ्या झग्याच्या खिशात घातला.

मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. एकदम लोकरीचा स्वेटर कळला. मग फोन कळला. एकेक करून सगळं कळायला लागलं आणि मला वाटलं, नको, हळू.

प्रिमितीवा घाबरली नव्हती, हे मला जास्त लागलं. ती समजावत होती. म्हणाली, रीतच आहे, आईला सांगायचं नसतं. म्हणाली, मी काय हात बांधून बसले नाही, ओळखपत्र ठेवून घेतलंच होतं, तीनदा आली ती माझ्याकडे, तिन्ही वेळा मी दोघांना समोर बसवून समजावलं, गुडघ्यावर बसवून एकमेकांची माफी मागायला लावली.

मी विचारलं, "तीनदा आली? इथे? एल आल्तोत?"

"हो. गाडीने आले, गाडीने गेले."

तिच्या हॉलच्या कोपऱ्यावर मी रोज सकाळी आपी विकते. पोरगी तीनदा त्या कोपऱ्यावरून गेली.

आन्सेल्मो उठून उभा राहिला. म्हणाला, आम्ही उद्या फोन करतो त्याला, कडक बोलतो, आईबापांनी तिथे जाणं शोभत नाही. हिलारिओ खुंटीकडे गेला आणि मिनीबसची किल्ली काढली. मी प्रिमितीवाची शाल तिच्या खांद्यावर नीट केली.

म्हटलं, "तीनदा ती तुझ्याकडे आली, कोमाद्रे. आता एकदा तू तिच्याकडे चल. उजाडताच निघू. ओळखपत्र घेऊन ये."

१९ मार्च, मंगळवार

काल जाऊन आलो.

प्रिमितीवा येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. चांगली टोपी, चांगला घागरा, मांडीवर पर्स. घाट उतरून खाली उकडायला लागलं तरी तिने शाल काढली नाही, घाम पुसला नाही.

रिंबेर दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. मला बघून हसला. सासूबाई, कळवायचं तरी, कोंबडी कापली असती. मी म्हटलं, झुल्मा कुठाय? तो म्हणाला, ताप आहे, झोपलीय, उठवू नका. मी तिथूनच हाक मारली. माझा आवाज बाजाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. दुकानं थांबली.

ती मागच्या पडद्यातून आली. स्वेटर घालून. ताप नव्हता. वजन अर्धं झालेलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, आधी त्याच्याकडे बघितलं. एक वर्ष मी हिला तोऱ्याची म्हणत होते.

मी म्हटलं, सामान घे. तो मध्ये उभा राहिला, अजून हसतच. म्हणाला, रीत असते सासूबाई. धर्मआईबापांना विचारल्याशिवाय बायको घरातून नेता येत नाही. त्यांनी सांगू दे, मी लगेच सोडतो.

मी मिनीबसचं दार सरकवलं. आत प्रिमितीवा बसली होती.

त्याचा चेहरा बदलला नाही. उलट त्याला आधारच वाटला. म्हणाला, "मद्रिना, तुम्हीच सांगा यांना."

ती बराच वेळ पर्सचं कुलूप उघडझाक करत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणणार पहिलं वर्ष असंच असतं. मी मुठी वळल्या होत्या, कुणासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं. मग तिने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि खिडकीतून बाहेर धरलं. त्याने घ्यायला हात पुढे केला.

"तुला नाही," ती म्हणाली. "बाजूला हो. चढ गं पोरी."

तो बाजूला झाला नाही. हिलारिओने इंजिन चालूच ठेवलं होतं. तो खाली उतरला, हळू, आणि रिंबेरच्या इतक्या जवळ उभा राहिला की दोघांच्या मध्ये कागद गेला नसता. मारलं नाही. झुल्मा बापाच्या पाठीमागून गाडीत चढली. पिशवीही घेतली नाही.

वर येताना ती मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली. मी विचारत राहिले. जेवलीस का, दुखतंय का, आधी का नाही सांगितलंस. चढावर प्रिमितीवा रडायला लागली, मोठ्याने. तिला कुणी गप्प केलं नाही.

२२ मार्च, शुक्रवार

रिंबेरचा फोन येतो. हिलारिओ उचलतो आणि ठेवतो. रिंबेरच्या घरचे म्हणतात, मी रीत मोडली, आता माझ्या घरच्या कार्याला कुणी धर्मआईबाप व्हायला येणार नाही. न येवोत.

झुल्मा तीन शब्दांच्या वर बोलत नाही. स्वेटर काढलेला नाही. काल मी तिला आंघोळीचं पाणी दिलं तेव्हा बाही वर गेली. मी बघितलं. ते इथे लिहिणार नाही, बाई वर्गात वही तपासतात.

आज दुपारी मी बटाटे सोलत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "आई, पाणी घेऊ का?"

मी म्हटलं घे. घेतलं. पेला धुतला. थोड्या वेळाने, "आई, खिडकी उघडू का?" मी म्हटलं उघड. मग, आई, बसू का इथे. मग, आई, चप्पल काढू का. ज्या घरात रांगली त्या घरात. मला काही उमजेना. आधी धक्का बसला, मग नेहमीसारखं डोकं तापलं. पाचव्या खेपेला तिने परत पाणी घेऊ का विचारलं, तेव्हा मी बटाटा टाकला आणि वळले. ओरडणारच होते, अगं विचारतेस काय सारखी, घर तुझं आहे. तोंड उघडलं होतं.

तिचा हात वर गेला होता. डोक्यावर, कोपर पुढे, डोळे मिटलेले.

आवाज माझ्या घशात होता. मी तो गिळला. बाहेर अंगणात गेले, गॅसच्या सिलिंडरवर बसले, काही वेळ उगाच कोंबड्यांकडे बघत राहिले. मग आत आले. ती तशीच उभी होती, हात खाली केलेला, पेला रिकामा.

मी अगदी हळू म्हटलं, पी बाई.

हिलारिओ बाहेरून आला आणि म्हणाला, घसा बसलाय का तुझा?